परदेशात आर्ट शिकताना बसणारा कल्चर शॉक कसा निभवायचा

परदेशात आर्ट शिकायला निघालेल्या माणसाला सल्ले भरपूर मिळतात, जाड जॅकेट घे, कागदपत्रांच्या कॉप्या काढून ठेव, सुरुवातीला घरची आठवण येईल मग होईल सवय वगैरे. सगळे बरोबरच असतात. पण आर्टवाल्याला खरा दणका बसतो तो स्टुडिओत, आणि त्याबद्दल आधी कोणी बोलत नाही. गणित शिकायला गेलेल्याचं समीकरण निदान दोन्हीकडे सारखंच सुटतं, आपलं तसं नाही, ज्या ड्रॉइंगवर वर्षानुवर्षं हात बसवला, ज्याच्या जोरावर ॲडमिशन मिळाली, त्याच्यावर लोक एक नजर टाकतात आणि विचारतात, बरं, पण हे करावंसं का वाटलं तुला? तिथे माणूस गडबडतो. म्हणून हे सगळं मुख्यतः स्टुडिओबद्दल लिहितेय, बँक अकाउंट आणि सिमकार्डची माहिती कुठेही मिळेल.

हा शॉक नक्की कसला असतो

कल्चर शॉक ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने, त्याचा लेख १९६० चा. त्याचं म्हणणं असं की रोजच्या जगण्यात आपण असंख्य बारीक खुणांवर चालत असतो, कधी हात मिळवायचा, कोणाचं बोलणं मनावर घ्यायचं, कोणाचं सोडून द्यायचं, आणि या खुणा एकदम गेल्या की जीव कासावीस होतो. आता हेच स्टुडिओला लावून बघा. चित्र पूर्ण झालं हे कोण ठरवतं, शिकवणारे गप्प उभे राहिले म्हणजे आवडलं की नाही, दुसऱ्याच्या कामाबद्दल तोंडावर बोलायचं की मान डोलावून पुढे जायचं, या सगळ्याची उत्तरं आपल्याला न विचारता माहीत असतात आणि तिकडे गेल्यावर ती सगळीच्या सगळी चुकतात.

तुम्ही यू आकाराचा ग्राफ पाहिला असेल, आधी सगळं छान छान, मग घसरण, मग हळूहळू वर. त्याचं मूळ १९५५ च्या एका अभ्यासात आहे, लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहिलेल्या सुमारे दोनशे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर गेलेल्या नॉर्वेजियन लोकांना विचारलं तर सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं सगळ्यात कमी जुळलेलं दिसलं. पण १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात उलटंच निघालं, त्यांना सगळ्यात जड गेली ती सुरुवात. त्यामुळे ग्राफ भिंतीवर चिकटवून त्याप्रमाणे आपल्याला बरं वाटतंय का ते तपासत बसू नका. पहिल्याच आठवड्यात रडू आलं तरी तुमच्यात काही बिघाड नाही आणि सहा महिने मजेत जाऊन अचानक उठावंसंच वाटेना तरीही नाही. एक मात्र लक्षात ठेवा, ब्रिटनमधली मास्टर्स बऱ्याचदा एका वर्षाची असते, म्हणजे घसरण उशिरा आली तर ती नेमकी फायनल शोच्या, म्हणजे कोर्स संपताना होणाऱ्या प्रदर्शनाच्या, तयारीवर येऊन आदळते, तेव्हा शोचं काम शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलायचं नाही.

क्रिटची तयारी

सगळ्यात जास्त लोक कोलमडतात ते क्रिटमध्ये म्हणून यावर जरा सविस्तर. क्रिट म्हणजे तुमचं काम भिंतीवर, समोर दहाबारा वर्गमित्र आणि एक दोन शिक्षक, आणि सगळे त्याच्याबद्दल बोलणार. काही ठिकाणी तुम्ही आधी बोलता, काही ठिकाणी कोल्ड क्रिट असतो म्हणजे तुम्ही तोंड उघडायचं नाही, बाकीचे तुमच्याबद्दल काहीच माहीत नसल्यासारखं काम वाचतात आणि तुम्ही ऐकत उभे. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या आर्ट कॉलेजमध्ये मायकल ॲशर या आर्टिस्टचा क्रिट क्लास तर सकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालायचा, एकेका विद्यार्थ्याच्या कामावर तासन् तास. तेवढं टोकाचं तुमच्या वाट्याला बहुतेक येणार नाही, पण वीस मिनिटंसुद्धा पहिल्यांदा फार लांब वाटतात.

दृश्य साधारण असं असतं. तुम्ही काम टांगलंय, थोडं तिरकं झालंय ते तुम्हाला आत्ताच दिसतंय. कोणी जमिनीवर बसलंय, कोणी कॉफीचा कप धरून उभं. एक पूर्ण मिनिट कोणी काहीच बोलत नाही. मग कोणीतरी म्हणतं, मला त्या खालच्या कोपऱ्याबद्दल प्रश्न पडलाय. तुम्ही तीन आठवडे ज्या चेहऱ्यावर राबलात त्याचं नाव नाही, चर्चा कोपऱ्याची, तिथे रंग संपला म्हणून कॅनव्हास उघडा राहिला होता एवढंच. आणि पुढची दहा मिनिटं सगळे तो उघडा भाग मुद्दाम ठेवलाय असं धरून बोलतात. अशा वेळी घाईघाईत "नाही नाही ते चुकून राहिलंय" म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरा. ऐका. लोकांना तिथे काहीतरी दिसतंय ही माहिती आहे, घ्यायची की नाही ते तुम्ही नंतर ठरवाल.

तयारी कशी करायची, तर आदल्या दिवशी कामाबद्दल चारच वाक्यं लिहून काढा, काय केलंय, कशाने केलंय, कुठे अडलोय, लोकांनी कशावर बोलावं. ती मोठ्याने म्हणून बघा, मनातल्या मनात नाही, कारण भाषा दुसरी असली की मनात नीट जमलेलं वाक्य तोंडातून भलतंच निघतं. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, मला या दोन पॅनेलमधल्या अंतराबद्दल ऐकायचंय असं स्पष्ट म्हटलं की चर्चेला दिशा मिळते आणि कोणी उगाच भरकटत नाही. अगोदर माफी मागून सुरुवात करू नका, हे अजून अर्धवट आहे, वेळ मिळाला नाही, मला नीट बोलता येत नाही वगैरे. नम्रता म्हणून आपण बोलतो, ऐकणाऱ्याला ती खरी माहिती वाटते आणि तो त्याच नजरेने काम बघायला लागतो.

दुसरं, क्रिट चालू असताना स्वतःच्या कामाच्या नोट्स स्वतः काढायच्या नाहीत. शेजारच्याला सांगा, माझ्या वेळी तू लिही, तुझ्या वेळी मी लिहितो. घाबरलेल्या माणसाला फक्त वाईट बोललेलं ऐकू येतं, मित्राच्या वहीत मात्र चांगलंही उतरलेलं असतं. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग केलंत तर अजूनच बरं. आणि त्या रात्री काहीही ठरवायचं नाही, कॅनव्हास फाडायचा नाही, कोर्स बदलायचा मेल लिहायचा नाही. दोन दिवसांनी वही उघडा, त्यातल्या तीन गोष्टी उचला, बाकीच्या सोडा. सगळ्यांचं सगळं ऐकून केलेलं काम कोणाचंच राहत नाही, माझं तरी हेच मत.

आणि दुसऱ्याच्या क्रिटमध्ये तुम्ही गप्प बसलात तर तिकडे त्याला आदर म्हणत नाहीत, तुम्हाला इंटरेस्ट नाही असा अर्थ काढतात. अगदी साधं बोला. डोळा आधी कुठे गेला, कुठे अडला, कुठून निसटला. थिअरीतली नावं घ्यायची काही गरज नाही, जे घेतात त्यातल्या अर्ध्यांनी ती पुस्तकं पूर्ण वाचलेली नसतात हे हळूहळू कळतंच.

कोणी शिकवतच नाही, आता काय

हा दुसरा मोठा झटका. टाइमटेबल उघडलं तर आठवड्यात जेमतेम दीड दिवस भरलेला, बाकी रिकामं, आणि मग वाटतं की एवढी फी कशाची. जर्मनीतल्या आर्ट अकादम्यांमध्ये क्लासची पद्धत असते, तुम्ही एका प्रोफेसरच्या क्लासमध्ये घुसता आणि वर्षानुवर्षं तिथेच राहता, ते अधूनमधून येऊन कामावर बोलणार, रोजचा धडा असा काही नाही, आणि वर्षातून एकदा रुंडगांगला अख्खी शाळा लोकांसाठी उघडते तेव्हा काय केलं ते दिसतं. याच्या उलट फ्लॉरेन्समधल्या काही शाळांमध्ये अजूनही साइट साइझ पद्धतीने, म्हणजे समोरची वस्तू जिथून बघतो तिथून दिसते त्याच मापात काढत, प्लास्टरच्या पुतळ्यांची कोळशाने ड्रॉइंग करण्यात आठवडेच्या आठवडे जातात. म्हणजे तिकडे असंच असतं हे वाक्यच चुकीचं, कोणती शाळा ते बघा. जायच्या आधी तिथल्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा की मागच्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलंस. ब्रोशरमध्ये जे मिळत नाही ते यात मिळतं.

शाळा आणि आपण जमत नाही असं तर व्हॅन गॉगचंही झालं होतं. १८८६ च्या जानेवारीत तो अँटवर्पच्या अकादमीत दाखल झाला, शिक्षकांशी ड्रॉइंगवरून वाजलं आणि महिन्या दोन महिन्यांत तो पॅरिसला निघून गेला. सगळ्यांनी तसं करावं असं म्हणत नाहीये, व्हिसाचं काय करणार.

रिकाम्या टाइमटेबलवर उपाय म्हणजे ते आपण भरायचं. स्टुडिओची वेळ ठरवा आणि नोकरीसारखी पाळा, दहा ते पाच जा, हात चालला नाही तर कागद कापा, फ्रेमवर कॅनव्हास ताणा, पण जा. कारण खोलीत एकटं बसलं की शॉक दुप्पट होतो, आणि आर्टवाल्याला मी घरी रिसर्च करतोय असं स्वतःला फसवणं फार सोपं असतं. वन टू वन ट्युटोरियलच्या जागा भराभर भरतात, टर्म सुरू झाल्या झाल्या बुक करा, अगदी दाखवायला काही नसलं तरी. वर्कशॉपचं इंडक्शन, म्हणजे मशिन सुरक्षितपणे कसं वापरायचं याची ओळख, पहिल्या महिन्यात उरकून टाका, प्रिंट, लाकूड, मेटल, सिरॅमिक, जे जे असेल ते, कारण इंडक्शन झाल्याशिवाय मशिनला हात लावू देत नाहीत आणि डेडलाइनच्या आधी सगळ्यांनाच एकदम आठवतं.

आणि टेक्निशियन लोकांशी ओळख वाढवा. हे मी प्रत्येकाला सांगते. शिकवण्याची भूक भागते ती तिथे, स्क्रीन कशी कोट करायची, साचा का चिकटला, ग्लेझ का फुटलं याची सरळ उत्तरं देणारी माणसं तीच. त्यांना सकाळी गाठा, संध्याकाळी पाच वाजता मशिन पुसत असताना नाही.

आपलं स्किल आणि आपली ओळख

मायकल क्रेग मार्टिनचं १९७३ चं ॲन ओक ट्री नावाचं काम आहे, काचेच्या शेल्फवर पाण्याचा ग्लास आणि सोबत प्रश्नोत्तराचा मजकूर, ज्यात तो म्हणतो की या ग्लासचं मी ओकच्या झाडात रूपांतर केलंय. याच माणसाने नंतर लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये शिकवलं आणि त्याचे विद्यार्थी पुढे खूप गाजले. असली कामं सेमिनारमध्ये समोर आली की पहिली प्रतिक्रिया हसण्याची किंवा चिडण्याची असते, आणि चिडायला हरकत काहीच नाही, फक्त चिड मुद्द्यात बोलता यायला पाहिजे. मला पटत नाही एवढ्यावर थांबलात तर संवाद संपतो, इथे विश्वासावर सगळा भार टाकलाय आणि हाताच्या कामावर काहीच नाही, मला ते अपुरं वाटतं, असं म्हणालात की समोरचा सरसावून बसतो. पटवून घ्यायला कोणी सांगत नाहीये. हाताचं कौशल्य वाया गेलं असं वाटायला लागलं तर आठवड्यातून एकदा लाइफ ड्रॉइंगला जा, ड्रॉइंग करणाऱ्यांची वेगळी मंडळी बहुतेक प्रत्येक शहरात असतात, तिथे तुमच्या रेषेची कदर होते.

दुसरा एक त्रास असतो तो जरा नाजूक. पहिल्या क्रिटमध्ये कोणीतरी प्रेमाने विचारतं की यात तुझी संस्कृती कुठे आहे. मग माणूस दोनपैकी एक करतो, एकतर घरून आणलेल्या सगळ्या खुणा चित्रात कोंबतो, किंवा हट्टाने एकही येऊ देत नाही. झाओ वू की हा चित्रकार १९४८ मध्ये चीनमधून पॅरिसला आला आणि त्याने बरीच वर्षं शाईची चित्रं मुद्दाम टाळली, आपल्यावर चिनी असण्याचा शिक्का बसू नये म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आँरी मिशो या कवी चित्रकार मित्राच्या आग्रहाने तो शाईकडे परत वळला, तोपर्यंत ऑइलमधलं त्याचं नाव कधीच झालेलं होतं. दुसरीकडे दो हो सूह हा कोरियन आर्टिस्ट, सोलहून अमेरिकेत शिकायला गेला, आर आय एस डी म्हणजे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन आणि मग येल, आणि सोलमधलं राहतं घर त्याने पारदर्शक कापडात मापाप्रमाणे शिवून काढलं, १९९९ चं काम, घडी घालून नेता येईल असं घर. दोघांचंही बरोबर. मुद्दा एवढाच की पहिल्या टर्ममध्ये उत्तर द्यायची सक्ती नाही. "अजून शोधतेय" हे पूर्ण उत्तर आहे आणि ते शांतपणे देता येतं. पण प्रश्न सारखा तुम्हालाच येत असेल आणि वर्गातल्या बाकी कोणाला नाही, तर ट्युटरला खाजगीत तसं सांगा, बऱ्याच वेळा त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

स्टुडिओतले न लिहिलेले नियम, आणि काही लिहिलेले

शिक्षकांना नावाने हाक मारायची असते बऱ्याच देशांत, सुरुवातीला जीभ वळत नाही, मेलमध्ये ते स्वतः खाली सही कशी करतात ते बघा आणि तसंच म्हणा. जर्मन भाषिक ठिकाणी मात्र आधी आडनावाने, समोरच्याने सांगितल्यावर नाव. दुसऱ्याच्या जागेतलं काहीही उचलायचं नाही, जमिनीवर पडलेली दोरीसुद्धा, ती दोरी कोणाचं तरी काम असू शकते. गंमत वाटेल पण हे खरंच होतं. लाइफ मॉडेल बसलेलं असताना फोटो नाही, फोन वर काढायचाच नाही, आणि पोझ बदलायला सांगायचं ते शिकवणाऱ्याने.

ऑइलवाल्यांनी हे नीट वाचा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर हवेशी होणाऱ्या रिॲक्शनची उष्णता आत साचते आणि त्या आपोआप पेटू शकतात, म्हणून स्टुडिओत झाकणाचा लोखंडी डबा असतो, त्यातच टाका. टर्पेंटाइन अनेक शाळांमध्ये चालतच नाही, वास नसलेलं मिनरल स्पिरिट किंवा पाण्यात धुता येणारे ऑइल रंग वापरावे लागतात, ते आधी विचारा. टर्पेंटाइन आणि फिक्सेटिव्हचा स्प्रे विमानातून न्यायचा नाही, दोन्हीही ज्वालाग्राही. कागद अमेरिकेत इंचांत मिळतो, ए थ्री ए टूची सवय असेल तर पोर्टफोलिओची बॅग तिथेच घ्या.

अंधार

याला मी वेगळं हेडिंग देतेय कारण रंगाशी संबंध आहे. लंडनला डिसेंबरच्या शेवटी दिवस आठ तासांपेक्षा थोडा कमी असतो, हेलसिंकीत सहाच्याही आत. मन खाली जातंच, पण सोबत पॅलेटही बिघडतं, पिवळ्या बल्बखाली मिसळलेला निळा सकाळी भलताच दिसतो आणि तुम्हाला वाटतं आपली नजरच गेली. पाच हजार केल्विनच्या आसपासचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) नव्वदच्या वरचा दिवा टेबलावर लावा. सकाळचा उजेड असेल तेवढा वेळ बाहेर चाला, ढग असले तरी. साधारण दहा अंशांच्या खाली ॲक्रिलिकचा थर नीट धरत नाही, गार गॅरेजमध्ये स्टुडिओ थाटला असेल तर रंगाला दोष देऊ नका.

माणसं, पैसे, व्हिसा

मित्र होत नाहीत ही तक्रार पार्ट्यांमध्ये सुटत नाही, काम एकत्र केल्यावर सुटते. कोणाची फ्रेम धरा, कोणाचा शो टांगायला थांबा, भट्टी उतरवायला मदत करा. भाषा अडखळत असली तरी हातात ड्रिल असताना संवाद चालतो. म्युझियमला मात्र एकटं जायची सवय लावा, लंडनच्या नॅशनल गॅलरी आणि टेट मॉडर्नमधलं कायमचं कलेक्शन फुकट बघता येतं, म्हणजे एकाच चित्रासाठी वीस मिनिटं जाऊन परत येता येतं. ओळखीचं एक चित्र शहरात असलं की शहर थोडं आपलं वाटतं.

पैशांबद्दल एक गोष्ट आर्टवाल्यांना कोणी सांगत नाही. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर डिग्रीच्या विद्यार्थ्यांना टर्ममध्ये आठवड्याला साधारण वीस तास नोकरी करता येते, पण स्वतःचा धंदा म्हणजे सेल्फ एम्प्लॉयमेंट चालत नाही, आणि फ्रीलान्स इलस्ट्रेशन, कमिशनवर पोर्ट्रेट यातच मोडतं. अमेरिकेत एफ वन या स्टुडंट व्हिसावर कॅम्पसबाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते. जर्मनीतही स्वतंत्र कामाला आधी विचारावं लागतं. कोणी इंस्टाग्रामवर ऑर्डर दिली की हुरळून हो म्हणायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाका आणि उत्तर लेखी घ्या.

झोप, जेवण, अंघोळ यांचं गणित दोन आठवड्यांच्या वर बिघडलेलं असेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असे विचार येत असतील, तर हा शॉक आहे जाईल म्हणत बसू नका. कॉलेजचं काउन्सेलिंग गाठा, डॉक्टर गाठा, तातडीचं असेल तर त्या देशाचा इमर्जन्सी नंबर. सबमिशनला मुदतवाढ मिळायची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण ती डेडलाइनच्या आधी मागायची असते, नंतर मागितली की कागदपत्रांचा खेळ होतो. ट्युटरला सगळं सांगायची गरज नाही, तब्येत बरी नाही आणि मला वेळ हवाय एवढं पुरतं.

परत जाताना

१९६३ मध्ये गलहॉर्न या संशोधक दांपत्याने सुरुवातीला सांगितलेल्या यू आकाराच्या ग्राफपुढे आणखी एक यू जोडला, म्हणजे डब्ल्यू, कारण परत गेल्यावरही तसाच झटका बसतो. तिकडे सवय झालेली असते कोणीतरी कामावर तासभर बोलण्याची, आणि घरी सगळे छान आहे म्हणून पुढच्या विषयावर जातात. म्हणून निघायच्या आधी वर्गातल्या चारपाच जणांचा ऑनलाइन क्रिट ठरवून टाका, महिन्यातून एकदा, तारीख पक्की, प्रत्येकाला वीस मिनिटं. टाइम झोनवरून आधीच भांडून घ्या. मोठी कामं न्यायची की नाही हे शो उतरवायच्या किमान एक महिना आधी ठरवा, चांगल्या उजेडात फोटो काढा, कडा आणि मागची बाजूसुद्धा, आणि कॅनव्हास गुंडाळायचा असेल तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवून जाड नळीवर गुंडाळा.